गाण्यातून उभा राहणारा शिक्षणनिधी

महोदय,
अमेरिकेतले संगीत महोत्सव म्हटले की आपल्याकडे झगमगाट आणि धिंगाणाच डोळ्यांपुढे येतो. म्हणून नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्क्सबरो या छोट्या गावच्या 'मर्लफेस्ट'विषयी लिहावेसे वाटले.

लहानपणीच दृष्टी गमावलेले थोर गिटारवादक डॉक वॉटसन यांचा मुलगा आणि साथीदार मर्ल 1985 मध्ये ट्रॅक्टरच्या अपघातात गेला. त्याच्या स्मरणार्थ विल्क्स कम्युनिटी कॉलेजात बाग करायची ठरली; अंधांनाही स्पर्शाने, वासाने ओळखता यावी अशी. त्यासाठी पैसे हवेत म्हणून 1988 मध्ये, ट्रकच्या सपाट पाठीचा मंच करून मैफल झाली. बाग झाली, मैफल मात्र थांबली नाही. 2012 मध्ये डॉक गेले, तरीही नाही. आजही एप्रिलअखेरीस चार दिवस बँजो (सतारीसारखे तारवाद्य), फिडल (व्हायोलिन), ब्लूग्रास हे तिथले ग्रामीण संगीत, लोकगीते चालतात आणि त्या पैशातून कॉलेजच्या शिष्यवृत्त्या व इतर कामे होतात.

मला विशेष आवडते ते खाण्याच्या तंबूचे. तिथे स्थानिक सेवाभावी मंडळांचे स्वयंसेवक राबतात आणि त्यांची कमाई त्यांच्याच कामाला लागते. तिकिटे स्वस्त नाहीत, हे खरे. पण पैसा कुठे जातो हे डोळ्यांसमोर दिसत असले की खिशात हात घालताना जड जात नाही.

रॅले, शार्लट भागात मराठी कुटुंबे बरीच आहेत. महोत्सवातल्या शनिवारी त्यांनी तिकडे वळावे.

– एक वाचक, रॅले (नॉर्थ कॅरोलिना)