आंबा घाटातल्या त्या माणसांना

आमचे अण्णा गेले. 1971 च्या डिसेंबरात, बांगलादेश युद्धातल्या जमालपूरच्या लढाईत ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत होते. कोल्हापूरहून त्यांना गावी आणताना आंबा घाटात दरड आली नि शववाहिका अडकली. रात्र, धो धो पाऊस, आणि आई गाडीतच.

साखरप्याकडून पोरं आली, फावडी-घमेली घेऊन. कुणी नाव सांगितलं नाही. त्यांच्यातले एक वयस्कर काका गाडीत डोकावले, अण्णांच्या छातीवरचं 'पूर्वी स्टार' हे त्या युद्धाचं पदक पाहिलं आणि एवढंच विचारलं, "पलटण कुठली?" मी सांगितलं. ते ताठ झाले, सॅल्यूट केला, आणि वाट मोकळी होईपर्यंत भर पावसात अण्णांच्या उशाशी, दारापाशी उभे राहिले. आईला म्हणाले, "वहिनी, साहेब एकटे नाहीत."

निघताना त्याच पोरांनी आपल्या पडवीतली सुकी लाकडं टेम्पोत घालून पाठवली. ऐन पावसाळ्यात घरचं कोरडं लाकूड देणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. अण्णांना अग्नी नीट मिळाला तो त्यामुळेच.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. हे तुमच्यापर्यंत पोचलं तर संगमेश्वराकडे घरी या. आईला त्या काकांना भेटायचंय.