माहितीपटात पाटी हवीच

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी माहितीपटांचा संकलक आहे. नाट्यरूपांतर (म्हणजे घडून गेलेला प्रसंग पुन्हा उभा करून केलेले चित्रण) आणि खरे जुने चित्रण हल्ली इतके बेमालूम मिसळतात, की राहवेना म्हणून लिहितो.

मुलाखत मधेच कापली की बोलणाऱ्याची मान पडद्यावर झटका बसल्यासारखी हलते. तो सांधा झाकायला आम्ही त्याचे हात, चष्मा, टेबलावरची वही दाखवतो आणि आवाज खालून चालू ठेवतो. मुलाखतीनंतर सगळ्यांना गप्प बसवून ध्वनिमुद्रक रिकाम्या खोलीचा आवाजही टिपतो. तो सांध्यात भरला की कानालाही पत्ता लागत नाही. यात गैर काही नाही. पण याच झाकणाखाली दोन उत्तरांतली अर्धी-अर्धी वाक्ये जोडून तिसराच अर्थ काढता येतो, आणि तो काढला जातो.

प्रसंग मांडून चित्रित करणे नवे नाही. ध्रुवप्रदेशातल्या जीवनावरच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) या माहितीपटासाठी दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टींनी कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून एका बाजूने उघडे बर्फाचे घर बांधून घेतले होते. माझा विरोध मांडणीला नाही, लपवण्याला आहे. ‘नाट्यरूपांतर’ ही पाटी शेवटच्या नामावलीत नको. तो प्रसंग संपेपर्यंत पडद्यावर हवी. संगणकाने घडवलेल्या आवाजालाही तोच नियम लावा. वाहिन्यांनी आणि महोत्सवांनी ही अट घालावी, आणि आपल्या समीक्षकांनीही परीक्षणात ‘पाटी होती का?’ हा प्रश्न जरूर विचारावा.

आपला,
एक माहितीपट संकलक