जलमहालाचे जतन तळ्यापासून सुरू व्हावे

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतील सरोवरांमधल्या राजवाड्यांवरील लेख वाचला. उदयपूरचा जगनिवास, जयपूरचा जलमहाल आणि त्रिपुरातील नीरमहाल यांच्या कमानी व छत्र्यांचे वर्णन वाचनीय आहे. मात्र ज्या पाण्यासाठी या वास्तू तेथे उभ्या राहिल्या त्याविषयी लेखात जवळजवळ काहीच नाही. वारसा-जतनाच्या सरकारी विचारातही हीच उणीव असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

महाराणा जगतसिंह दुसरे यांनी 1743 ते 1746 या काळात जगनिवास बांधला, तेव्हा तो ज्यात उभा आहे तो पिछोला तलाव जवळपास चार शतके जुना होता. म्हणजे राजवाडा नंतरचा, तळे आधीचे. या शतकाच्या पहिल्या दशकातील दुष्काळात पिछोल्याचा मोठा भाग कोरडा पडला, तेव्हा भिंतींना तडा न जाताही पाण्यातला राजवाडा म्हणून जगनिवासाचे रूप हरवले होते. (पर्यटनाच्या माहितीपत्रकांत ती छायाचित्रे अर्थातच सापडत नाहीत.)

जयपूरचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील मानसागर तलाव भरलेला असताना जलमहालाच्या पाच मजल्यांपैकी चार पाण्याखाली असतात. चुन्यातील जाड बांधकाम सतत पाण्यात राहिले तर बराच काळ टिकते. त्याला खरा धोका असतो तो पातळीच्या चढउताराचा. पाणी ओसरले की दगडात आणि गिलाव्यात मुरलेला ओलावा सुकू लागतो, त्यातील क्षार छिद्रांमध्ये स्फटिकरूपाने साचतात आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागतात. ब्रह्मपुरी आणि नागतलाई या नाल्यांतून वर्षानुवर्षे शहराचे सांडपाणी मानसागरात येत राहिल्याने या क्षारांत भरच पडली असणार. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला तर ओलावा आत कोंडतो आणि दुरुस्तीच नुकसानीचे कारण होते. मानसागराच्या पुनरुज्जीवनात नाल्यांची दिशा बदलून सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याचे काम हाती घेतले गेले. माझ्या मते घुमटांच्या रंगरंगोटीपेक्षा जलमहालाला त्याचाच उपयोग अधिक आहे.

महाराजा वीरविक्रम किशोर माणिक्य यांच्या काळात 1930च्या दशकात उभ्या राहिलेल्या नीरमहालाची अडचण वेगळी आहे. तो ज्या तळ्यात आहे ते रुद्रसागर 2005 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, तरीही भोवतालच्या टेकड्यांवरून येणाऱ्या ओहोळांचा गाळ त्यात साचत राहतो आणि उथळ झालेल्या काठावर भातशेती पुढे सरकते. मच्छीमाराला आणि नावाड्याला पाणी हवे असते, तर शेतकऱ्याला ते लवकर ओसरायला हवे असते. हा तंटा राजवाड्याच्या दुरुस्तीच्या निधीतून सुटणारा नाही.

केंद्र-संरक्षित स्मारकांभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत नियंत्रण, अशी तरतूद 2010च्या दुरुस्तीने प्राचीन स्मारकांच्या कायद्यात आली. सरोवरातील वास्तूला हे माप लावले तर बहुतेक अंतर पाण्यातच संपते आणि गाळ व सांडपाणी जेथून येते ते पाणलोट क्षेत्र मोकळेच राहते. राजस्थानने 2015 मध्ये सरोवरांसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु तळे एका खात्याकडे आणि त्यातील महाल दुसऱ्याकडे, अशी विभागणी राहिल्यास त्या कायद्याचा लाभ अपुराच ठरेल.

म्हणून अशा प्रत्येक वास्तूच्या जतन-आराखड्यात तळ्याची किमान व कमाल पातळी, त्यात पाणी आणणारे प्रवाह आणि गाळ काढण्याचे वेळापत्रक यांचा समावेश सक्तीचा करावा, तसेच पाण्याच्या तपासणीचे अहवाल दरवर्षी जाहीर व्हावेत. नौकाविहाराच्या तिकिटांतून मिळणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्साही आधी पाणलोटातील कामांवर खर्च व्हावा आणि मगच उरलेला पैसा रोषणाईकडे वळवावा.

आपला,
एक नियमित वाचक