तोडणीला माणूस मिळत नाही म्हणता, मग आलेल्या माणसाला बांधून का ठेवता?

संपादक साहेब,

स.न.वि.वि.

शेतमजूर मिळत नाही, माल शेतात सडतोय, बाहेरून हंगामी माणसं आणल्याशिवाय तोडणी होत नाही, अशा बातम्या हल्ली दर हंगामात वाचायला मिळतात, कुठल्याही देशातली बातमी घ्या, हेच. आणि ते खोटं नाहीये. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरातला आहे, माल तोडायला आलाय आणि ठरलेली टोळी आलीच नाही, त्या दिवशी घरात काय वातावरण असतं ते मी बघितलंय. कोणी कोणाशी बोलत नाही, जो तो फोन लावत बसतो. टोमॅटो दोन-तीन दिवस जास्त झाडावर राहिला की मऊ पडतो, मग वर्षभराच्या खर्चाचं काय करायचं ते करा. त्यामुळे हे पत्र शेतकऱ्याच्या विरोधात नाही हे आधीच सांगतो.

पण एक गोष्ट मला बरेच दिवस खटकतेय. कुठल्याही मालाची टंचाई झाली की त्याचा भाव वाढतो, हे आपल्याला लहानपणापासून माहितीये. मग तोडणाऱ्या माणसाची एवढी टंचाई आहे तर त्याचा भाव त्या मानाने का वाढत नाही? खरं तर टंचाईच्या काळात त्याने ताठ मानेने सांगायला पाहिजे की इथली राहायची सोय बरी नाही, मी पलीकडच्या शेतावर जातो. तो तसं म्हणू शकत नाही, कारण त्याला जाता येत नाही.

त्याला दोन दोऱ्यांनी बांधलेलं असतं. एक कागदाची आणि दुसरी कर्जाची. कागदाची दोरी म्हणजे परमिट. अमेरिकेत एच-२ए नावाचा व्हिसा आहे, 2023 मध्ये त्याखाली साडेतीन लाखांहून जास्त जागा मंजूर झाल्या, पण ज्या मालकाच्या नावाने माणूस येतो त्याचंच काम करायचं, काम सोडलं आणि दुसऱ्या मालकाने त्याच्यासाठी नव्याने अर्ज केला नाही तर थोड्याच दिवसांत देशात राहायचा हक्क पण जातो. कॅनडात 1966 साली जमैकातून माणसं आणायला सुरुवात झाली, ती योजना आजही चालू आहे, वर्षात जास्तीत जास्त आठ महिने राहायचं, आणि तिथेही परमिट मालकाशी बांधलेलं. ब्रिटनमध्ये 2019 ला फक्त 2,500 जागांपासून सुरुवात झाली आणि चार वर्षांत त्या 45,000 च्या वर गेल्या, तिथे कागदावर शेत बदलून मागता येतं पण जो दुसऱ्या देशातून सहा महिन्यांसाठी आलाय, भाषा येत नाही, त्याने कोणाला विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत कुठे थांबायचं?

दुसरी दोरी कर्जाची. नेपाळ, इंडोनेशियातून ब्रिटनमध्ये फळं तोडायला गेलेल्या कित्येक लोकांनी एजंटला भरायला आधी कर्ज काढलं होतं हे 2022 च्या हंगामात उघड झालं. मुकादमाकडून उचल घेऊन निघणाऱ्याचं पण तेच. पहिल्या दिवशी शेतात उतरतानाच तो मायनसमध्ये असतो, पाऊस पडला, काम बंद राहिलं तर ते दिवस गेले, कर्जाचं व्याज मात्र चालू. असा माणूस तक्रार कशी करेल मला सांगा.

हे आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली म्हणून अमेरिकेने 1942 ला मेक्सिकोबरोबर करार केला, ब्रासेरो म्हणायचे त्याला, 1964 पर्यंत चालला आणि तेवढ्या वर्षांत 46 लाखांच्या आसपास करार झाले. सुरुवातीच्या वर्षांत मजुराच्या पगारातून दहा टक्के बचत म्हणून कापायचे, घरी गेल्यावर परत मिळतील म्हणून सांगितलेलं. पुष्कळांना ते मिळालेच नाहीत, म्हातारपणी त्यासाठी कोर्टात जावं लागलं.

अमेरिकेतल्याच कॅलिफोर्निया राज्याच्या शेतातली अजून एक गोष्ट मी विसरू शकत नाही. विरळणी, खुरपणीला तिथे मजुरांना आखूड दांड्याची कुदळ द्यायचे, दांडा जेमतेम हातभर. म्हणजे दिवसभर कंबरेत पूर्ण वाकूनच काम करायचं. मालक म्हणायचे की आखूड दांड्याने काम बारीक होतं, रोपाला धक्का लागत नाही. मजूर म्हणायचे की खरं कारण वेगळं आहे, बांधावर उभ्या असलेल्या मुकादमाला लांबूनच कळतं कोण वाकलेलं आहे आणि कोण उभं राहिलं. लोकांच्या पाठी कायमच्या गेल्या. 1975 ला त्या कुदळीवर बंदी आली, लांब दांड्याची आली, आणि पीक काही बुडालं नाही. एवढी वर्षं जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं ते दांडा बदलून झालं.

कोरोनात तर सगळं उघडं पडलं. मार्च 2020 मध्ये जर्मनीने सीमा बंद केल्या आणि लगेच लक्षात आलं की शतावरीचे (अ‍ॅस्परॅगस, तिथली भाजी) कोंब काढायचे कोणी, ते कोंब रोज काढावे लागतात, थांबत नाहीत कोणासाठी. मग एप्रिल आणि मे मध्ये महिन्याला 40,000 पर्यंत हंगामी मजूर विमानाने आणायची परवानगी दिली. बाकी जग घरात बसलेलं आणि रुमानियाच्या क्लुज विमानतळावर शेतमजुरांची खेटून गर्दी, ते फोटो बघितलेले आठवत असतील. ब्रिटनने तेव्हा आपल्याच लोकांना शेतात या म्हणून मोहीम काढली, पुष्कळांनी उत्साहाने नावं दिली, प्रत्यक्षात शेवटपर्यंत टिकलेले फार थोडे.

यावर दोन उत्तरं हमखास येतात. एक, बाहेरच्यांना बंद करा म्हणजे आपोआप स्थानिकांना जास्त मजुरी द्यावी लागेल. हे करून झालंय. ब्रासेरो 1964 ला बंद केला तो याच हिशोबाने, पण नंतर अभ्यासकांनी आकडे तपासले तर स्थानिक मजुराची मजुरी त्यामुळे वाढलेली दिसली नाही. शेतकऱ्यांनी मशीन घेतलं किंवा पीक बदललं. दुसरं उत्तर तेच, मशीन. टोमॅटोत ते झालं हे खरंय. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावच्या विद्यापीठात एका बाजूला मशीन बनवलं आणि दुसऱ्या बाजूला मशीनला चालेल असा टोमॅटो तयार केला, जाड सालीचा आणि एकदम पिकणारा, आणि ब्रासेरो बंद झाल्यावर पाच-सहा वर्षांत कॅलिफोर्नियातला सॉस-प्युरीचा जवळजवळ सगळा टोमॅटो मशीनने निघायला लागला. पण तो प्युरीचा. ताज्या विक्रीचा टोमॅटो अजून मुख्यतः हातानेच तोडतात, स्ट्रॉबेरी पण हातानेच.

आणि हे हाताचं काम म्हणजे काय ते एकदा जवळ जाऊन बघा. टोमॅटो तोडणाऱ्याची बोटं दुपारपर्यंत हिरवट काळी पडतात, झाडाचा चीक बसतो, साबणाने हात धुतले तर पाणी पिवळं-हिरवं निघतं आणि डाग तरी राहतोच. आमच्या शेतात यायच्या त्यातल्या एक बाई फळ दाबून न बघताच सांगायच्या, हे आज, हे परवा. रंग बघायच्या आणि देठ अंगठ्याने असा मोडायच्या की शेजारच्या फुलाला हात लागत नसे. मी त्यांच्या शेजारच्या ओळीत लागलो तर माझं एक क्रेट होईपर्यंत त्यांची तीन व्हायची, आणि माझ्या क्रेटमधली निम्मी फळं नखं लागलेली. याला अकुशल काम म्हणतात, कागदोपत्री. तीच टोळी दुसऱ्या वर्षी परत आली की पहिल्या दिवसापासून काम सुरळीत चालतं आणि नवीन टोळी आली की पहिला आठवडा नुकसानीतच जातो, हे शेती करणाऱ्या कोणालाही विचारा. म्हणून म्हणतो की माणूस खूश होऊन परत येणं हे शेतकऱ्याच्याच फायद्याचं आहे.

मग करायचं काय? मला वाटतं पहिलं हे की परमिट मालकाच्या नावावर नको, कामाच्या क्षेत्राला द्या, म्हणजे एका ठिकाणी पटलं नाही तर माणूस दुसऱ्या शेतावर जाऊ शकेल. चांगल्या मालकाला याची भीती वाटायचं कारण नाही, उलट त्याच्याकडे रांग लागेल. एजंटचा आणि प्रवासाचा खर्च मजुराच्या डोक्यावर नको, ज्याला माणूस हवाय त्याने तो करावा. आणि क्रेटवर मजुरी द्यायची असेल तर खुशाल द्या पण त्याखाली तासाची किमान मजुरी पाहिजेच. ऑस्ट्रेलियात एप्रिल 2022 पासून फळबागांना हा नियम लागू झालाय, त्याआधी ओळीत माल कमी असला तरी नुकसान तोडणाऱ्याचंच व्हायचं.

पैसा कुठून आणायचा हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्त आहे, त्याला स्वतःलाच वरून भाव ठरवून मिळतो. इथे अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या इमोकाली गावच्या टोमॅटो मजुरांचं उदाहरण मला पटतं. त्यांनी शेतकऱ्याशी भांडत बसण्यापेक्षा मोठ्या खरेदीदार कंपन्यांना गाठलं, एका पाउंडामागे, म्हणजे साधारण अर्ध्या किलोमागे, एक सेंट (डॉलरचा शंभरावा भाग) जास्त द्या आणि तो मजुरापर्यंत पोचला पाहिजे, आणि जिथे मजुरांना त्रास होतो त्या शेतातला माल घेऊ नका. एक सेंट! बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी ते मान्य केलं. गिऱ्हाइकाला कळणार पण नाही एवढी ही रक्कम, पण दिवसभरात जो शेकडो किलो तोडतो त्याच्या हातात तिचा फरक पडतो.

शेवटी संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती आहे. टंचाईच्या बातमीत तुमचे प्रतिनिधी शेतकऱ्याशी बोलतात, अधिकाऱ्याशी बोलतात, व्यापाऱ्याशी बोलतात, पुढच्या वेळी ओळीत वाकलेल्या माणसाशी पण बोलायला सांगा. त्याने येण्यासाठी किती कर्ज काढलंय, ते फिटायला किती आठवडे जातात आणि उद्या हे शेत सोडून दुसरीकडे जायचं म्हटलं तर त्याला जाता येईल का, एवढे तीन प्रश्न विचारा आणि त्याचं उत्तर शेतकऱ्याच्या उत्तराशेजारीच छापा.

आपला,
एक शेतकरी वाचक