त्याला एक फोन कर, पजू

कराड, सोमवार सकाळ

चि. प्राजक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आवाज चढवला, ते माझं चुकलं. आई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही, चहाचा कप आपटून ठेवते आणि आत जाते. फोनवर माझं बोलणं नेहमी वाढतं, म्हणून कागद घेऊन बसलोय. दादा फोटो काढून तुला पाठवेल.

तुझ्या गाडीचा धक्का लागून पडलेल्या त्या स्कूटरवाल्या मुलाबद्दल तू म्हणालीस, "अप्पा, मिटलं ते. आठ हजार दिले, त्याने घेतले, विषय संपला." मला खरं तर एकच विचारायचं होतं, त्याच्या डोक्यात हेल्मेट होतं का. ते राहिलं बाजूला आणि मी तुझ्या वेगावर, तुझ्या फोनवर, तुझ्या झोपेवर बोलत सुटलो. शेवटी तू फोन ठेवलास. बरोबर केलंस.

भूमकर चौकातली ती वेळ मला माहीत आहे. गणपतीत तुझ्याकडे आलो होतो तेव्हा बाल्कनीतून बघत बसायचो. दुचाक्या डावीकडून जागा मिळेल तशा घुसतात, चारचाकीवाल्याला आरशात दिसेपर्यंत त्या पुढे गेलेल्या असतात. तू इंडिकेटर दिला होतास यावर माझा विश्वास आहे. तू देतेसच. स्टेडियमजवळच्या मोकळ्या जागेत तुला गाडी शिकवली तेव्हा समोर चिटपाखरू नसायचं, तरी वळताना इंडिकेटर द्यायचीस. तिसऱ्या दिवशी चढावर हाफ क्लचवर गाडी अशी धरलीस की मागे इंचभरही सरकली नाही. घरी येऊन आईला मी ते दोनदा सांगितलं. तुला सांगायचं राहिलं.

तर चूक कुणाची, हे मी विचारतच नाही.

गाडीला गाडी घासली, कुणाला काही लागलं नाही, अशा वेळी चौकीत जाऊन रात्र घालव असं मी म्हणणार नाही. बंपरच्या ओरखड्यासाठी क्लेम करून तिसऱ्या वर्षाचा ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, घालवू नये, हा तुझा हिशोबही मला पटतो. पण रस्त्यावर माणूस पडला की तो हिशोब संपला. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ आम्हा एसटी ड्रायव्हरांना पाठ असायचं. जखमीला डॉक्टरकडे न्यायचं, पोलिसांना लवकरात लवकर आणि जास्तीत जास्त चोवीस तासांत कळवायचं, विमा कंपनीला कळवायचं. आपसात मिटवलं म्हणून यातलं काहीही सुटत नाही. आणि बेदरकारपणे गाडी चालवल्याचा गुन्हा, पूर्वीचं दंडसंहितेतलं कलम २७९, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतलं २८१, तोसुद्धा तुम्ही दोघांनी हात मिळवले म्हणून मिटत नाही. तुझ्यावर तो लागतो असं मी म्हणत नाही गं. पण उद्या कुणी उलटलं तर तुझ्या हातात काय आहे? साध्या कागदावर तारीख, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, सह्या, काहीच नाही. आहे ती फक्त तुझ्याच खात्यातून आठ हजार गेल्याची नोंद. शिवाय पॉलिसीच्या अटींत लिहिलेलं असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कुणाला पैसे द्यायचे नाहीत, कबूलही करायचे नाहीत. ती पाठीमागची बारीक अक्षरं वाच, असं गाडी घेतली त्या दिवशीच सांगितलं होतं.

बघ, परत सुरू झालो. हे खोडून टाकणार होतो, पण राहू दे.

तू एकटी होतीस. काचेवर कुणीतरी हात आपटत होता. "मॅडम, पोलीस बोलवू का मिटवताय?" म्हणणारा तो तिसराच माणूस, ज्याचा काही संबंध नव्हता, त्याने वीस हजारांपासून सुरुवात केली. तू थरथरत होतीस, हे मला तुझ्याकडून नाही, दादाकडून कळलं. अशा वेळी माणूस पैसे देतो आणि निघतो, मी असतो तरी कदाचित तेच केलं असतं. पण कायद्यालाही जमाव माहीत आहे बाळा. त्याच कलमात लिहिलंय की जमाव खवळलेला असेल तर जखमीला डॉक्टरकडे न्यायची सक्ती नाही, मात्र मग जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचं. काच वर ठेवायची, दारं लॉक करायची आणि ११२ लावायचा. पोलीस येणार म्हटलं की तसल्या मध्यस्थाचा आवाज आपोआप खाली येतो.

आणि मला फोन का नाही केलास? कराडहून मी काय करणार होतो, हे तुझं म्हणणं खरं आहे. तरी करायचा होतास.

तर त्या मुलाचं. तू सांगितलंस, तो डाव्या कुशीवर पडला, लगेच उठला, आधी पाठीवरची डिलिव्हरीची पिशवी उघडून बघितली, मग स्कूटर उचलली. आरसा तुटला, फोनची काच गेली, कोपर खरचटलं. "मला काही नाही झालं मॅडम" असं तो तीनदा म्हणाला. पजू, ज्याचं हातावर पोट आहे तो असंच म्हणतो. दवाखान्यात गेला तर रात्रीच्या ऑर्डरी बुडणार, पोलीस आले तर स्कूटर अडकणार, कागद धड नसतील तर आणखी भानगड. त्याला स्वतःचं डोकं चाचपून बघायला वेळच नव्हता. ते काम तिथे तुझं होतं.

डोक्याचा मार लगेच दिसत नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात आम्हाला हे घोटून घोटून सांगायचे. माणूस उठतो, बोलतो, पाणी पितो, आत रक्त साचत असतं. काही तासांनी डोकं दुखतं, उलटी होते, झोप अनावर होते, घरच्यांना वाटतं दमलाय. कधी हे दिसायला दिवसही लागतात. आणि ही मुलं खोल्यांवर राहतात, चार-चार, पाच-पाच जण. झोपलेल्याला कोण उठवून बघणार?

आता जे लिहितोय ते आईलाही माहीत नाही. माझ्या गाडीवरचे कंडक्टर जगन्नाथकाका, त्यांना माहीत होतं, ते तर गेले.

१९९३ सालची गोष्ट. तू झाली नव्हतीस, दादा अकरा महिन्यांचा होता आणि दोन दिवस तापाने फणफणला होता. मी चिपळूणहून कराडला गाडी आणत होतो, कुंभार्ली घाट चढून, कोयनानगर, पाटण करत. मल्हारपेठ अजून यायची होती. सकाळची वेळ, रस्त्याच्या कडेने एक माणूस सायकलला दोन किटल्या लावून चाललेला. समोरून ट्रक आला, मी डावीकडे दाबली आणि गाडीच्या मागच्या बाजूचा त्याच्या हँडलला धक्का लागला. काकांनी घंटी मारली तेव्हा मला कळलं. खाली उतरलो तर डांबरावर दूध पसरलेलं, उतार होता तिकडे वाहत चाललेलं, आणि तो माणूस किटलीचं झाकण शोधत होता.

पन्नाशीचा असेल. मला म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, मला काय न्हाई झालं, दूध गेलं बगा." गाडीतले लोक घाई करत होते. एकाची कोर्टाची तारीख होती. मला दादाचा ताप दिसत होता. काका म्हणाले, दुधाचे देऊन टाक, रिपोर्ट केलास तर आज घरी जायचा नाहीस. मी किती लिटर होतं विचारलं, हिशोब केला, वर दहा रुपये जास्त दिले. त्याने पैसे कमरेला लावले. आणि तो उजवा हात कानामागे चोळत होता. मी ते बघितलं, पजू. नीट बघितलं. आणि गाडीत जाऊन बसलो.

लॉगशीटवर काही लिहिलं नाही. डेपोत काही बोललो नाही. दादाचा ताप त्याच संध्याकाळी उतरला.

त्यानंतर कितीतरी वर्षं त्या मार्गावर गाडी नेली. ते वळण आलं की नजर डावीकडे जायचीच. सायकल, किटल्या, टोपी, काहीतरी दिसेल म्हणून. तो माणूस पुन्हा दिसला नाही. कदाचित दुसऱ्या वेळेला जात असेल. कदाचित डेअरीची गाडी गावात यायला लागली असेल. एकदा थांबून टपरीवर विचारायचं होतं, तेवढं धाडस झालं नाही. काय सांगतील याची भीती वाटली.

आणि २०१० साली माझा सत्कार झाला. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा. आई नवी पैठणी नेसून शेजारी उभी होती. तू शाळेला दांडी मारून आली होतीस, पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस. ते सन्मानपत्र तू स्वतः फ्रेम करून आणलंस, पहिल्या स्कॉलरशिपच्या पैशातून, आणि बाहेरच्या खोलीत घड्याळाच्या खाली लावलंस. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतेस. मी तेव्हा उठून आत जातो, तुला वाटतं अप्पांना कौतुक सोसत नाही.

हे तुला शिकवायला लिहिलं नाही. लिहिलं नसतं तर बरं झालं असतं असंही आता वाटतंय.

पण तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी माझ्याकडे नव्हती. तू पैसे फोनवरून दिलेस. म्हणजे त्याचा नंबर तुझ्याकडे आहे, नाव आहे. त्याला फोन कर. आज कर, ऑफिसला निघायच्या आधी. डोकं दुखतंय का, उलटी झाली का, गरगरतंय का, जास्त झोप येतेय का, एवढं विचार. घाबरेल, वाटेल पैसे परत मागतेय, म्हणून आधीच सांग की पैशाचं काही नाही. हो म्हणाला तर तशीच त्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात जा, १०८ बोलव, खर्चाचा विचार करू नकोस, माझ्या एफडीतले काढू. नाही म्हणाला तरी एकदा डॉक्टरला दाखवायला लाव, आपण पैसे देऊ. आणि मग आपण दोघं चौकीत जाऊन काय झालं ते सांगू. चार दिवस उशीर झाला आहे, बोलणी बसतील, मी शेजारी उभा राहीन. विमा कंपनीला मेल तू लिही, मला ते जमत नाही.

मी बुधवारी सकाळच्या बोरिवली गाडीने निघतोय. वाकडच्या पुलाजवळ उतरेन, तू घ्यायला येऊ नकोस, रिक्षा करेन. आई मेथीचे लाडू करते आहे, दोन डबे. एक त्या मुलासाठी, हे तिला मी सांगितलेलं नाही, नुसतं दोन डबे कर म्हटलंय. पाटणच्या मावशीचा विषय मी काढणार नाही, तूही काढू नकोस.

गाडी सध्या चालवू नकोस असं लिहिणार होतो. तसं नको. चालव. गुरुवारी मी शेजारी बसतो, आपण त्याच वेळेला त्याच चौकातून जाऊ.

तुझा,
अप्पा

ता. क. हेल्मेट होतं का, आणि असलं तर पट्टा लावलेला होता का, तेवढं आठव. ही मुलं नुसतंच डोक्यावर ठेवतात. आठवलं की लगेच कळव, कितीही वाजू देत, मी जागाच असतो.