घोडबंदर रोडवरच्या इलेक्ट्रिशियन काकांचे आभार

मानपाड्याच्या पुढे भर पावसात बाईक बंद पडली. हँडल उजवीकडे वळवलं की मेन फ्यूज उडत होता. जवळच्या गॅरेजवाल्या काकांनी शटर अर्धं ओढलेलं असूनही गाडी आत घेतली.

एकामागून एक फ्यूज जाळण्याऐवजी त्यांनी दिवे बंद ठेवून फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडला. शॉर्ट झाला की बल्ब लख्ख पेटतो, पण करंट १.७५ अँपियरच्या आसपास अडतो, त्यामुळे वायर जळत नाही. हँडल हळूहळू फिरवलं आणि बल्ब पेटला तिथेच थांबले. स्टिअरिंगच्या गळ्याशी वायरिंगला ढील ठेवलीच नव्हती. फ्रेमला घासून पॉझिटिव्हचं इन्सुलेशन सोललं होतं.

नुसती टेप गुंडाळून त्यांनी वाटेला लावलं नाही. खराब तुकडा कापून त्याच रंगाची, त्याच जाडीची वायर टाकली, जोड क्रिंप केले, म्हणजे धातूच्या छोट्या नळीत दाबून बसवले, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवली. सोल्डर (वितळवलेल्या धातूचा जोड) टाळला, कारण सोल्डर संपतो तिथे वायर ताठ होते आणि व्हायब्रेशनने तिथेच तुटते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं, मगच झिप टाय आवळले. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंगही खरवडला. एवढं फार कमी जण करतात.

त्यांच्याकडचा मुलगा एका हाताने मोबाईलचा टॉर्च धरून, काढलेल्या प्रत्येक कनेक्टरला नंबराची चिकटपट्टी लावत होता. पैसे फक्त सामानाचे घेतले, वर दोन जादा फ्यूज साइड पॅनेलमध्ये ठेवून दिले.

काका, तुमचे आणि त्या मुलाचे मनापासून आभार. पावसात दुकानाची पाटी दिसली नाही, म्हणून इथे लिहितोय.