रविवारच्या बैठकीची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार,

रविवारी, २१ सप्टेंबरला सकाळी १० वाजता दांडेकर पुलाजवळच्या नेहमीच्या समाजमंदिरात बैठक आहे. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय शांतता दिन आहे, तर २४ तारखेला सत्यशोधक समाजाचा स्थापना दिन. जोतीरावांनी तो १८७३ साली आपल्याच पुण्यात स्थापन केला.

या वेळी वस्तीतल्या लोकांचे माहिती अधिकाराचे अर्ज लिहायचे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास ध्येयांपैकी सोळावं शांतता आणि न्यायाचं आहे. माहिती मिळणं हाही त्याचाच भाग. नळाला पाणी का नाही हे कळलं नाही, की भांडण शेजाऱ्याशी होतं.

लक्षात ठेवा:
- अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत.
- शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, पण पुराव्याची प्रत हवी.
- ३० दिवसांत उत्तर आलं नसेल तर पोच आणा, पहिलं अपील तिथेच लिहू.

एक कळकळीची विनंती. गेल्या वेळी धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी दोन तास दाराशी, चपलांजवळ बसून होत्या. हातात घड्या पडून मऊ झालेली अर्जाची पोच. त्यांची पाळी आली तेव्हा निम्मी मंडळी उठून गेली होती. हे पुन्हा व्हायला नको. या वेळी सुरुवात त्यांच्यापासून होईल, आणि शेवटपर्यंत सगळ्यांनी थांबायचं आहे.

अर्ज लिहून द्यायला सहा जण हवेत. नावं शुक्रवारपर्यंत कळवा.

– कार्यवाह